दूरशिक्षणातील मार्गदर्शक (नोकरदारांसाठी)

नोकरी न सोडता, कामाशी निगडित अभ्यास टपालाने, छापील पुस्तिकांतून किंवा इंटरनेटवरून करणाऱ्याला नेमून दिलेला शिक्षक. पाठ आधीच लिहून तयार असल्याने तो रूढ अर्थाने शिकवत नाही. स्वाध्याय तपासणे, शंका सोडवणे आणि मागे पडणाऱ्याला वेळेत गाठणे ही त्याची कामे. अभ्यासक्रमाचा दर्जा बहुतेक जण पुस्तिका पाहून ठरवतात. तो खरा कळतो तपासून परत आलेल्या स्वाध्यायावरून.

आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये इंग्लंडात लघुलिपीचे धडे टपालाने सुरू केले, तेव्हाही विद्यार्थ्याचा उतारा दुरुस्त होऊन परत जात असे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९६९, अध्यापन १९७१ पासून) मार्गदर्शकाच्या तपासणीला अध्यापनाचाच भाग मानले. तपासलेल्या स्वाध्यायांतले काही तिथे दुसऱ्या अनुभवी शिक्षकाकडून पुन्हा पाहिले जातात. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनी अभ्यासकेंद्रांची, म्हणजे विद्यार्थी मार्गदर्शकाला प्रत्यक्ष भेटू शकेल अशा ठिकाणांची, वाट धरली.

शेरा कसा असावा, हे उदाहरणाने लवकर समजते. देखभाल विभागातला फिटर लिहितो : ‘बेअरिंग खराब झाले म्हणून बदलले.’ यावर ‘ठीक, सविस्तर लिहा’ असा शेरा मारून दहापैकी पाच गुण दिले, तर पुढच्या वेळी उत्तर लांबेल, सुधारणार नाही. ‘बेअरिंग का गेले? ग्रीस शेवटचे कधी भरले होते? पट्टा किती ताणलेला होता? काढलेल्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर गोळ्यांची खूण सरळ होती की तिरकी?’ असे विचारले, की त्याला यंत्राकडे परत जावे लागते. खूण तिरकी असेल तर बेअरिंग वाकडे बसले असल्याची शंका घ्यायची, हे तो तिथेच शिकतो. शेऱ्यात दोन-तीनच मुद्दे हवेत. पान लाल शाईने भरले की माणूस फक्त गुण पाहतो.

वेळेचे गणित याहून कडक आहे. पहिला स्वाध्याय तपासून येण्याआधी दुसरा द्यावा लागला, तर तीच चूक दोन्हींत राहते आणि शेरा वाया जातो. म्हणून परतीची मुदत पुढच्या स्वाध्यायाच्या तारखेवरून उलटी मोजून ठरवावी. परतीचा दिवस आणि ती तारीख यांमध्ये निदान एक सुट्टीचा दिवस उरावा. पहिला स्वाध्याय न आल्यास आठवड्याच्या आत फोन करावा. पाळी बदलणाऱ्या कामगाराला रात्रपाळीनंतर सकाळी उठवणारा फोन मात्र उलटतो. त्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक सुरुवातीलाच मागून घ्यावे.

सर्वांत अवघड प्रश्न मार्गदर्शक कोण असावा हा. खर्च वाचवण्यासाठी थेट वरिष्ठालाच नेमले जाते. त्याला काम ठाऊक असते, पण वार्षिक शेरा लिहिणाऱ्या साहेबांपुढे ‘मला हे येत नाही’ असे कोण कबूल करेल? शंका थांबतात, स्वाध्याय सहकाऱ्याच्या वहीतून उतरवले जातात. बाहेरच्या मार्गदर्शकाकडे मन मोकळे होते, तरी कारखान्यातली यंत्रे त्याने पाहिलेली नसतात. म्हणून गुण आणि शेरे बाहेरच्याकडे ठेवून, प्रत्यक्ष काम दाखवायला दुसऱ्या विभागातला अनुभवी कामगार द्यावा. गुणांची यादी साहेबांकडे जाणार असेल, तर ते शिकणाऱ्याला प्रवेशाच्या वेळीच सांगावे. नंतर कळले तर तो पुढे कोरे कागद देतो.