हंगेरीतील रोमा विद्यार्थ्यांचे माहितीपट : पार्श्वभूमी

बुडापेस्टमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोमा (बाहेरचे लोक ज्यांना ‘जिप्सी’ म्हणतात त्या समाजातल्या) तरुणांना चित्रीकरण आणि संकलन शिकवणारे वर्ग सुरू झाले. ते सुरू करणारा व्हिडिओ-गट कम्युनिस्ट राजवट बदलण्याच्या चळवळीतून घडला होता. सरकारी दूरचित्रवाणी ज्या सभांकडे आणि वाटाघाटींकडे पाठ फिरवत असे, त्या या गटाने १९८८ पासून टिपल्या आणि कॅसेटच्या प्रती हातोहात लोकांपर्यंत पोहोचवल्या. १९८९ च्या डिसेंबरात गुप्तचर खात्यातल्याच एका अधिकाऱ्याच्या मदतीने त्यांचा कॅमेरा खात्याच्या इमारतीत शिरला आणि विरोधी पक्षांवर पाळत चालूच असल्याची कागदपत्रे त्याने टिपली. ५ जानेवारी १९९० रोजी हे प्रकरण जाहीर झाले आणि त्याच महिन्यात गृहमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न मात्र त्याहून जुना, आणि मुख्यतः शब्दाचा होता. १९६१ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने असा ठराव केला, की काही वेगळ्या चालीरीती असल्या तरी ‘त्सिगान्य’ (रोमांसाठीचा हंगेरियन शब्द) हा राष्ट्रीय अल्पसंख्य समाज नाही. त्यामुळे भाषा, शाळा, संस्था यांवरचा हक्कच निकाली निघाला आणि उरली ती नोकरी, घर आणि आरोग्य यांची ‘समस्या’. पुढे कॅमेरा वस्त्यांत गेला तोही बहुतेकदा ही समस्या पाहायलाच. १९९३ च्या कायद्याने मान्यता दिली, पण ‘राष्ट्रीय’ आणि ‘वांशिक’ अशी विभागणी करून रोमांना दुसऱ्या खान्यात बसवले. हा भेद २०११ च्या कायद्यानेच मिटवला. ‘रोमा’ हे नावही सरळ नाही. १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या रोमांच्या जागतिक परिषदेने ते स्वीकारले खरे, पण त्याच वर्षीच्या पाहणीत हंगेरीतल्या या समाजापैकी सुमारे ७१ टक्के लोकांची मातृभाषा हंगेरियन होती आणि रोमानी, म्हणजे रोमांची स्वतःची भाषा, बोलणारे केवळ २१ टक्के होते. (पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणणारी ही भाषा मराठी कानाला परकी वाटत नाही.) याच समाजातला बेयाश गट रोमेनियनची जुनी बोली बोलतो, आणि अनेक घरांत आजही ‘त्सिगान्य’ हाच आपला शब्द आहे. शिवी म्हणून फेकलेला शब्द आणि आजीने घरात उच्चारलेला तोच शब्द यांतला फरक बाहेरच्या दिग्दर्शकाला सहसा ऐकू येत नाही. घरातल्या विद्यार्थ्याला येतो, आणि या वर्गांचे खरे मोल मला तिथे दिसते.

२००८-०९ मध्ये रोमांवर झालेल्या हल्ल्यांत ६ जण मारले गेले, तेव्हा घरातल्या माणसाच्या हाती कॅमेरा असण्याची निकड जीवघेणी झाली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी तातारसेंतग्यॉर्ग्य गावात पेटत्या घरातून बाहेर पळणारे वडील आणि त्यांचा लहान मुलगा गोळ्यांना बळी पडले. पोलिसांनी सुरुवातीला त्या आगीचे कारण विजेचा बिघाड असल्याचे सांगितले होते. हल्लेखोरांना शिक्षा २०१३ मध्ये सुनावली गेली. मधल्या काळात अशा गावांत कॅमेरे अनेक आले, पण पोलिसांनी आधीच खोटे ठरवलेली माणसे कोणासमोर बोलतील, हे कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावरही ठरत होते.