तळपायाची पट्टी काळी पडते ती विषामुळे नव्हे

'रात्री तळपायाला जपानी पट्टी चिकटवा, सकाळी ती काळी दिसेल, तेच शरीरातलं विष.' हा फॉरवर्ड नाशिकच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. काही ठिकाणी ॲक्युपंक्चरच्या जोडीला या पट्ट्या सुचवतातही. सकाळचा तो काळा थर पाहून कुणाचाही विश्वास बसेल.

पट्टीत बहुतेकदा बांबूच्या किंवा लाकडाच्या धुरापासून केलेल्या व्हिनेगरची पूड असते. ओल लागली की ती तपकिरी, चिकट होते. नाशिकच्या थंडीतही मोज्यात पाय घामेजतो. तेवढी ओल पुरते. घरीच पाहा: नवी पट्टी चिमट्यात धरून वाफेवर ठेवा. पाय न लागताही काळवंडेल.

टाकाऊ द्रव्यं बाहेर काढण्याचं काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामात बहुतांश पाणी आणि मीठ. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी लावूच नका, बधिर तळपायाला झालेली जखम कळत नाही.