264 की 277? वनडे आणि लिस्ट ए यांची गल्लत

एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी कोणती, असं विचारलं की बहुतेक जण रोहित शर्माचे 264 सांगतात. मग कुणीतरी ‘अरे, तो जगदीशन 277 करून गेला की!’ म्हणतो आणि वाद पेटतो. खरं तर दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांच्या डोक्यात याद्या वेगळ्या असतात.

वनडे म्हणजे ज्याला आंतरराष्ट्रीय दर्जा आहे असा दोन देशांमधला सामना. लिस्ट ए ही त्याहून मोठी यादी. तिच्यात सगळे वनडे येतातच, शिवाय देशोदेशीच्या वरिष्ठ संघांच्या एकदिवसीय स्पर्धाही येतात: आपली विजय हजारे करंडक स्पर्धा, इंग्लंडमधल्या काउंटी संघांची स्पर्धा वगैरे. ‘अ’ संघांचे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या फळीच्या संघांचे, सामनेही यातच. म्हणजे रोहितचे 264 दोन्ही याद्यांत आहेत, जगदीशनचे 277 एकाच यादीत.

सगळ्यात जास्त घोळ ‘अ’ संघांमुळे होतो. शिखर धवनने 2013 मध्ये प्रिटोरियात 248 धावा कुटल्या, त्या भारत अ संघाकडून, दक्षिण आफ्रिका अ संघाविरुद्ध. समोरचा संघ परदेशी, मैदानही परदेशातलं, तरी ही खेळी वनडेत धरली जात नाही. 19 वर्षांखालील सामन्यांचे विक्रम तर या दोन्ही याद्यांबाहेरच राहतात.

आता ते दोन आकडे. 13 नोव्हेंबर 2014 रोजी ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध रोहित 4 धावांवर असताना थिसारा परेराने त्याचा झेल सोडला. पुढे 173 चेंडूंत 33 चौकार, 9 षटकार आणि 264 धावा. अर्धशतकाला त्याने 72 चेंडू घेतले होते; पुढच्या 101 चेंडूंत 214 धावा निघाल्या. श्रीलंकेचा अख्खा संघ 251 वर आटोपला, म्हणजे एकट्या रोहितपेक्षा 13 धावा कमी. वनडेतला विक्रम त्या रात्री झाला, पण लिस्ट ए मधला मात्र हुकला. तो होता इंग्लंडमधल्या सरे काउंटीच्या अ‍ॅलिस्टर ब्राऊनच्या नावावर, 268. जीवदान मिळालं तेव्हाच्या 4 धावा आणि बरोबरीला कमी पडलेल्याही 4 धावाच.

ब्राऊनची ही खेळी माझी खास आवडती. 2002 मध्ये ओव्हल मैदानावर ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने 160 चेंडूंत 268 केल्या आणि सरेने 438 उभारल्या. एवढ्यावर सामना संपायला हवा होता, पण ग्लॅमॉर्गनने उत्तरात 429 केल्या! सरे जिंकलं फक्त 9 धावांनी. टी-ट्वेंटीची सवय कुणालाच नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

ब्राऊनचा विक्रम वीस वर्षं टिकला. 21 नोव्हेंबर 2022 रोजी बंगळुरूला विजय हजारे करंडकात तमिळनाडूच्या नारायण जगदीशनने अरुणाचल प्रदेशविरुद्ध 141 चेंडूंत 277 केल्या, 25 चौकार आणि 15 षटकारांसह. साई सुदर्शनबरोबरची सलामी 416 धावांची. तमिळनाडू 2 बाद 506, अरुणाचल सर्वबाद 71. जगदीशनचं हे सलग पाचवं शतक होतं, त्यामुळे त्याला फुकटचा विक्रम मिळाला असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण गोलंदाजी दुबळी होती हेही खरंच.

म्हणून वनडे म्हणजे कसदार गोलंदाजी आणि लिस्ट ए म्हणजे लिंबूटिंबू, असा सरळ हिशेब मात्र मांडता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने 1997 मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, महिला विश्वचषकात नाबाद 229 केल्या. वनडेतलं हे पहिलं द्विशतक, सचिनच्या ग्वाल्हेरच्या नाबाद 200 च्या बारा वर्षं आधीचं. समोर होतं डेन्मार्क आणि ते 49 वर गारद झालं. उलट जगदीशननंतर आठवड्याभरातच आपल्या ऋतुराज गायकवाडने महाराष्ट्राकडून उत्तर प्रदेशविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत 159 चेंडूंत नाबाद 220 केल्या. शिवा सिंगच्या एका षटकात त्याने सात षटकार मारले, कारण एक चेंडू नोबॉल होता, आणि षटकात 43 धावा निघाल्या. महाराष्ट्राच्या एकूण धावा होत्या 330. ही खेळी लिस्ट ए मधली, म्हणून वनडेतल्या द्विशतकवीरांच्या यादीत ऋतुराजचं नाव दिसत नाही.

षटकांचा मुद्दाही आहे. पुरुषांचे वनडे आता 50 षटकांचेच असतात, लिस्ट ए मध्ये 40 पासून 60 षटकांपर्यंतचे सामने धरले जातात. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम पोलॉकने 1974 मध्येच ईस्टर्न प्रॉव्हिन्सकडून नाबाद 222 केल्या होत्या, पण त्या 60 षटकांच्या डावात. याउलट ब्राऊनने 1997 मध्ये हॅम्पशायरविरुद्ध 203 केल्या त्या 40 षटकांच्या सामन्यात. एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेल्या या दोन द्विशतकांमध्ये तब्बल 20 षटकांचा फरक आहे.