‘चालू आहे ना, मग हात लावू नका’: स्विच, ब्रिज आणि फर्मवेअरची पार्श्वभूमी

वाळूजच्या कारखान्यात असो, नांदेडच्या महाविद्यालयात असो की लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गात, नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला स्विचचे (जाळ्यातील यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचे) फर्मवेअर (तिच्या आत बसवलेली, तिला चालवणारी आज्ञावली) बदलायचे का असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: “चालू आहे ना, मग हात लावू नका.” हा सल्ला आळसातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो ज्या काळात रूढ झाला त्या काळात तो बऱ्याच अंशी रास्त होता. तो काळ कसा होता आणि पुढे काय बदलले, हे पाहण्यासाठी स्विचच्याही मागे जाऊन त्याच्या पूर्वजापासून, म्हणजे ब्रिजपासून, सुरुवात करावी लागते.

१९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची, म्हणजे संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीची, मांडणी केली, तेव्हा सारी यंत्रे एकाच जाड केबलवर असत आणि एकाचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाई. यंत्रे वाढली की गर्दी वाढे, म्हणून जाळ्याचे तुकडे करून त्यांना जोडणारी पेटी हवी होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील मार्क केम्फ यांचा ब्रिज येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरील (माहितीच्या तुकड्यावरील) पाठवणाऱ्याचा पत्ता टिपून ठेवी, तो कोणत्या बाजूला आहे हे लक्षात ठेवी आणि गरज असेल तरच फ्रेम पलीकडे सोडी. आजचा स्विचही मुळात हेच करतो. १९९० साली कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांची (तारा जोडण्याच्या जागांची) अशी पेटी ‘इथरस्विच’ या नावाने बाजारात आणली, १९९४ साली नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि ‘ब्रिज’ हा शब्द पुस्तकांपुरता उरला. वस्तू तीच राहिली. नाव विक्रेत्यांनी बदलले.

ब्रिजबरोबर त्याची मोठी व्याधीही आली. दोन ब्रिजांमध्ये दोन वाटा तयार झाल्या की फ्रेम गोल फिरत राहते, आणि इथरनेटच्या फ्रेमला आयुष्यमर्यादा नसल्यामुळे ती आपोआप मरत नाही; आपल्याकडे ज्याला ‘लूप लागला’ म्हणतात ते हेच. डिजिटल इक्विपमेंटमधीलच रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली, आणि १९९० साली ती ८०२.१डी या मानकात आली. सर्व स्विच मिळून एकाला मूळ मानतात आणि जास्तीच्या वाटा बंद ठेवतात. मूळ निवडताना प्राधान्याचा सर्वांत लहान आकडा पाहिला जातो; तो सगळीकडे आधीपासून ठरवून दिलेला ३२७६८ असेल तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (यंत्राला कारखान्यात मिळालेल्या क्रमांकाचा) स्विच निवडून येतो. एकाच कंपनीच्या स्विचांमध्ये लहान पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा असतो, म्हणून कोपऱ्यातला सर्वांत म्हातारा आणि संथ स्विच साऱ्या जाळ्याचा कारभारी होऊन बसतो. मुख्य स्विचला ४०९६ सारखे प्राधान्य हाताने द्यावे, हा सल्ला इथून येतो. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे वाढत वाढत स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेले, कोसळले आणि तेथील कर्मचाऱ्यांना काही दिवस कागदावर काम करावे लागले.

आता फर्मवेअरकडे. हा शब्द ॲशर ऑपलर यांनी १९६७ साली वापरात आणला. प्रारंभी ही आज्ञावली चिपमध्ये कायमची असे; १९७१ साली इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप तयार केल्यावर ती अतिनील प्रकाशाखाली धरून पुसता येऊ लागली, पण त्यासाठी पेटी उघडून चिप बाहेर काढावी लागे. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी मांडली, तिचा वापर रुळल्यावर हे काम केबलवरून होऊ लागले. फाइल पाठवण्यासाठी वापरला जाणारा टीएफटीपी १९८१ सालचा. त्यात पासवर्ड विचारण्याची सोयच नाही.

सोय झाली तशी नवी भीतीही आली. फ्लॅश पुसून नवी फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर स्विच निर्जीव होई. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, त्यानंतरची काही वर्षे मराठवाड्याने भारनियमनात काढली, आणि त्या काळात अपडेट करणे म्हणजे जुगारच होता. बिघडलेला स्विच कन्सोलच्या (स्विचला थेट जोडायच्या) तारेतून सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने उठवावा लागे; चार एमबीची फाइल चढायला सव्वा तास लागे, आणि तेवढ्यात पुन्हा वीज जाऊ शके.

पुढे अनेक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचांमध्ये दोन फर्मवेअर ठेवण्याची जागा आली. नवी फाइल मोकळ्या जागेत चढते, तिचा हॅश (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून पाहता येतो आणि ती बिघडलीच तर जुन्यावरून स्विच सुरू करता येतो. धोका दुसऱ्या बाजूने वाढला. मार्च २०१८ मध्ये सिस्कोने स्मार्ट इन्स्टॉलमधील गंभीर दोष दुरुस्त केला. नवे स्विच आपोआप बसवण्यासाठी असलेली ही सोय पासवर्ड न मागता ४७८६ या पोर्टवर (येथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक) ऐकत असे. एप्रिलमध्ये इराणसह अनेक ठिकाणच्या स्विचांची कन्फिगरेशन (त्यांत भरलेली सेटिंग) याच वाटेने पुसली गेली. न लागणाऱ्या सेवा बंद ठेवणे आणि स्विचची व्यवस्था वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचांवरच्या स्वतंत्र आभासी जाळ्यात) नेणे या सूचना त्यानंतर अधिक गांभीर्याने घेतल्या जाऊ लागल्या.

एक गोष्ट मात्र खास आपल्याकडची वाटते. चालू कन्फिगरेशन रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, असते आणि जतन केल्याशिवाय ते रीस्टार्टनंतर उरत नाही. भारनियमनाच्या दिवसांत ही चूक त्याच संध्याकाळी उघडी पडे. आता इन्व्हर्टर आणि यूपीएसमुळे स्विच महिनोन्महिने बंद पडत नाही, मधल्या काळात कोणीतरी केलेला बदल जतन न होताच चालू राहतो, आणि फर्मवेअर बदलताना पहिल्यांदा रीस्टार्ट होतो तेव्हा तो नाहीसा होतो. दोष अर्थातच नव्या फर्मवेअरवर जातो. म्हणून नवी फाइल हाती घेण्याआधी चालू आणि जतन केलेले कन्फिगरेशन शेजारी ठेवून ताडावे, मगच जतन करावे आणि त्याची एक प्रत स्विचबाहेर ठेवावी.