आपत्कालीन सेवेत अडथळा (भारतीय कायदा)

रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस किंवा मदत पथकाच्या कामात आडकाठी आणणे हा भारतात गुन्हा आहे. मात्र त्यासाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. तरतुदी चार-पाच कायद्यांत विखुरल्या आहेत. त्यांतली कोणती लागू पडेल, हे बरेचदा अडवला गेलेला माणूस 'लोकसेवक' (म्हणजे ढोबळमानाने सरकारी सेवेतला माणूस) आहे की नाही यावर ठरते.

बातम्यांमधला 'शासकीय कामात अडथळा' म्हणजे बहुधा जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३५३. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ आले, तरी लोकांच्या तोंडी अजून '३५३'च आहे. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ही मर्यादा पाच वर्षांवर नेली होती. नव्या संहितेत ती पुन्हा दोनच वर्षे आहे. नुसत्या शाब्दिक टीकेने हा गुन्हा होत नाही. बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका करणाऱ्यांविरुद्धचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला (माणिक तनेजा खटला). हात न उगारता वाट अडवणाऱ्यासाठी न्याय संहितेचे कलम २२१ आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची दखल मात्र न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरच घेते. बघ्यांची तक्रार चालत नाही.

खासगी रुग्णवाहिकेचा चालक लोकसेवक नसतो. तिथे मोटार वाहन कायद्याचे २०१९ मध्ये आलेले कलम १९४-ई उपयोगी पडते, कारण ते माणसाकडे न पाहता गाडीकडे पाहते. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी येताना बाजूला न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुढे कोंडी आणि बाजूला सरकायला जागाच नाही, अशा शहरी रस्त्यावर ते बजावणे अवघडच. आपत्तीच्या काळात अधिकाऱ्याला विनाकारण अडवणाऱ्यावर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील कलम ५१ लागते. त्यातून जीवितहानी झाली तर शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांपर्यंत वाढते.

डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद असून गुन्हा अजामीनपात्र आहे, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. मुंबईतल्या प्लेगमुळे १८९७ मध्ये झालेल्या साथरोग कायद्यात कोविडकाळात, २०२० मध्ये, आरोग्यसेवकांना गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद घालण्यात आली. पण तिचे संरक्षण साथ चालू असेपर्यंतच मिळते.