टायरची जागा बदलल्याने नेमके काय साधते?

इंजिन पुढे आणि इंजिनाची ताकदही पुढच्याच चाकांना, अशी रचना आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींची असते. अशा मोटारीच्या एकूण वजनापैकी साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन टायरांवर पडतो. गाडी ओढण्याचे आणि वळवण्याचे काम तेच करतात, आणि ब्रेक दाबताच भार पुढे सरकत असल्यामुळे गाडी थांबवण्याचे बरेचसे कामही त्यांच्याच वाट्याला येते. मागचे टायर त्या मानाने आरामात असतात. त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ते झिजतात कसे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

चालत्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग कोणत्याही क्षणी जेमतेम तळहाताएवढा असतो. त्याच्या पुढच्या टोकाशी रबर रस्त्याला धरते, मागे जाता जाता ताणले जाते, आणि मागच्या टोकाशी ताण घर्षणाला भारी पडला की किंचित घसरते. झीज होते ती मुख्यतः या घसरण्यात. वळणावर टायरचे तोंड एका दिशेला असते आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल थोड्या वेगळ्या दिशेने होते. या दोन दिशांमधला कोन थोडा जरी वाढला, तरी झीज त्याच्या प्रमाणाबाहेर वाढते. वरंध घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरांच्या कडा आधी गुळगुळीत होतात, त्या यामुळेच.

पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, अशी जागा बदलल्याने टायरचे आयुष्य वाढते, असे सरसकट सांगितले जाते. ते तपासून पाहण्यासारखे आहे. समजा, नव्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल आहेत. १.६ मिलिमीटर ही आपल्या मोटार वाहन नियमांतील किमान मर्यादा धरली, तर झिजायला ६.४ मिलिमीटर मिळतात. पुढचा टायर हजार किलोमीटरला ०.२ आणि मागचा ०.१ मिलिमीटर झिजतो असे मानले, तर पुढची जोडी ३२,००० किलोमीटरला संपेल आणि मागची ६४,००० ला. म्हणजे ६४,००० किलोमीटरमध्ये एकूण सहा टायर लागतील. आता नियमाने जागा बदलत राहिलो, तर प्रत्येक टायर सरासरी ०.१५ मिलिमीटर दराने झिजून चारही सुमारे ४२,७०० किलोमीटरला एकदम संपतील. त्या दराने ६४,००० किलोमीटरचा हिशेब केला, तरी उत्तर सहाच येते. समान झिजणाऱ्या टायरांच्या बाबतीत रबराची एकूण बेरीज बदलत नाही.

मग लाभ कुठे आहे? तो आहे असमान झिजेत. खरा टायर कधीच सपाट, एकसारखा झिजत नाही. पुढच्या टायरच्या कडा झिजतात, तर मागच्या टायरच्या ठोकळ्यांची, म्हणजे खाचांमधल्या रबरी उंचवट्यांची, एक धार बसून दुसरी उभी राहते आणि करवतीसारखे दाते तयार होतात. त्यावरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागते, उलट दिशेने बोटांना अडते. हा टायर पुढे, शिवाय दुसऱ्या बाजूला नेला की त्याची फिरण्याची दिशा उलटते आणि उभी धार घासली जाऊ लागते. एरवी मधला भाग शाबूत असूनही कडा गेल्या म्हणून टाकून द्यावा लागणारा टायर पूर्ण वापरला जातो. वयाचाही प्रश्न आहे. ज्यांची गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालते, त्यांच्या मागच्या टायरांचे रबर खाचा संपण्याआधीच कडक होते.

म्हणून ज्या टायरांना फिरण्याची दिशा ठरवून दिलेली नाही आणि जे चारही एकाच मापाचे आहेत, त्यांच्यासाठी माझ्या मते सर्वांत उत्तम क्रम असा: पुढचे टायर त्याच बाजूला सरळ मागे जातात आणि मागचे तिरके, बाजू बदलून पुढे येतात. पुढचा डावा मागे डावीकडे, तिथला पुढे उजवीकडे, तिथला मागे उजवीकडे आणि तिथला पुन्हा पुढे डावीकडे, अशी ही एकच साखळी आहे. चार वेळा अदलाबदल झाली की प्रत्येक टायर चारही जागा फिरून येतो. नुसती पुढची-मागची अदलाबदल करणाऱ्यांचे टायर आयुष्यभर दोनच जागांत अडकतात. बाणाची खूण असलेल्या टायरांना मात्र तोच पर्याय उरतो, कारण त्यांच्या खाचा एकाच दिशेने फिरताना पाणी नीट बाहेर टाकतात.

या साखळीमुळे घरच्या घरी, एका जॅकवर काम होते. पुढे डावीकडे स्टेपनी लावायची, निघालेला टायर घेऊन साखळीने पुढे जायचे आणि शेवटी स्टेपनी काढून तिच्या जागी चौथा टायर बसवायचा. गाडी पाच वेळा उचलावी लागते. दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर हे करावे. टायर हलवण्याआधी मात्र प्रत्येकाची झीज नीट पाहावी. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बहुधा हवा कमी राहत आली आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, आणि एकच कड झिजली असेल तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडली आहे. ती दुरुस्त न करता जागा बदलली, तर एक टायर खराब होण्याऐवजी पाळीपाळीने चारही होतील.

धोका आहे तो गाडी उचलण्यात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागचे एक चाक उचलले की त्याचा निम्मा आधार जातो. गाडी गिअरमध्ये ठेवणेही पुरेसे नाही: पुढचे एक चाक हवेत असेल, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे, ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक सुलटे. म्हणून सपाट, टणक जमीन हवी, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे हवेत, आणि अंगाचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये.

नट आवळताना लोक जोर लावण्यात धन्यता मानतात, आणि मला त्याची काळजी वाटते. चाकाचा भार नटबोल्टवर टेकलेला नसतो. ताणलेला बोल्ट चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या तबकडीवर, दाबून धरतो आणि त्या दाबामुळे निर्माण झालेले घर्षण चाक सांभाळते. पान्याने लावलेल्या पिळाचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्यात. आट्यांना तेल लावले तर घर्षण घटते, तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो आणि तुटूही शकतो. लहान मोटारींना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पीळ लागतो. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर वीस किलोचा जोर दिला की सुमारे ९८ न्यूटन-मीटर होतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पान्यावर उभे राहण्याची मुळीच गरज नाही. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत, म्हणजे चाक हबवर सरळ बसते, आणि शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासावेत. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी हवेचा दाब वेगळा सांगितलेला असेल, तर तो नव्या जागेप्रमाणे त्याच दिवशी, टायर थंड असताना भरून घ्यावा.