पॅलेटमधले रंग शाईच्या डब्यातून आले

लग्नसराईत सांगलीतल्या कुठल्याही डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देणाऱ्या, दुकानात जा, "स्क्रीनवर दिसतोय तस्साच केशरी यायला पाहिजे बरं का" हे वाक्य हमखास कानावर पडतं. ऑपरेटर मान डोलावतो आणि कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या उजव्या कडेच्या रंगपट्टीतल्या, म्हणजे पॅलेटमधल्या, ऑरेंजवर क्लिक करतो. त्या चौकोनामागे आकडे असतात, मॅजेंटा म्हणजे किरमिजी 60 टक्के, यलो म्हणजे पिवळा 100 टक्के. हे शाईचं माप. स्क्रीनवर मात्र शाईचा थेंब नसतो, लाल-हिरव्या-निळ्या उजेडाची मिसळ असते. गिऱ्हाइकाशी होणारी निम्मी भांडणं इथलीच.

शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळात रंग म्हणजे शाईचा डबा. ट्रेडल या जुन्या छपाई यंत्रावर काळ्यानंतर लाल छापायचा तर रोलर रॉकेलनं धुवायचे, लाल शाई लावायची आणि तेच कागद पुन्हा मशीनवर घालायचे. रंगागणिक वेगळा ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा. आपल्या किर्लोस्करवाडीतून 1920 साली सुरू झालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. पण रंगीत चित्र छापायचं तर चित्रकारालाही या खटाटोपातून सुटका नव्हती. पुढे 1963 मध्ये अमेरिकेत पँटोन कंपनीनं शाया मिसळण्याची ठरावीक मापं आणि त्यांना नंबर दिले. रंग नंबरानं मागायची सवय तिथून पक्की झाली.

1985 मध्ये ऑल्डस कंपनीचा पेजमेकर हा पानं जुळवायचा प्रोग्राम आला तेव्हा मॅकिंटॉशचा पडदा कृष्णधवल आणि लेझर प्रिंटरमध्ये एकच काळा टोनर, मग पॅलेट कशाला लागतंय! कॅनडातल्या कोरलचा ड्रॉ 1989 चा. आपल्याकडे रंगीत पडदे आले तरी बटर पेपरवरच्या काळ्या प्रिंटवरून छपाईची प्लेट करायची रीत टिकली. पत्रिका दोन रंगांत असेल तर दोन बटर पेपर, कोपऱ्यात जुळणीच्या फुल्या. फुली हलली की गणपतीचं गंध नाकावर.

पेजमेकरच्या पॅलेटमध्ये हा सगळा इतिहास चार नावांत बसलाय. 'नन' म्हणजे रंगच नाही, खालचं आरपार दिसणार. 'पेपर' म्हणजे पांढरा, असं नवशिक्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथं शाई लागत नाही, म्हणून गुलाबी कागदावर ती अक्षरं गुलाबीच उमटतात. 'ब्लॅक' फक्त काळ्या प्लेटवर जातो. चौथं 'रजिस्ट्रेशन', पडद्यावर ब्लॅकसारखंच काळं, पण ते निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शायांच्या प्लेटांवर उमटतं, कारण ते त्या फुल्यांसाठीच आहे. मी एकदा अख्खा मजकूर त्यात टाकला होता. बारीक अक्षरांना लाल-निळ्या कडा आल्या, शाई वाळेना, पाठीमागे डाग. हजार पत्रिका माझ्या खिशातून.

आकड्यांवर विश्वास बसला तो त्यानंतर. हळदीच्या एका व्यापाऱ्याला लेटरहेडवर "आपल्या मालाचा" पिवळा हवा होता. डीप यलो दाखवला, मॅजेंटा 20, यलो 100. त्यानं खिशातून हळकुंड काढलं, मोडलं आणि पडद्याला लावलं. मी ते खाली घ्यायला लावलं, छापील शेडकार्ड टेबलावर ठेवलं आणि मोडलेली बाजू एकेका चौकोनाला भिडवत गेलो. मॅजेंटा 35 वर तो थांबला.